शब्द एक, चाली अनेक : नाताळच्या एका बालगीताची उकल

जोयडा तालुक्यातले बाजारकुणंग हे गाव नकाशावर पाहिले, तर एका बाजूला गोवा आणि दुसऱ्या बाजूला बेळगाव. समजा, या गावात आजोळी दोन मावसभावंडे नाताळच्या सुटीत आली आहेत. एक बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकते, दुसरे पणजीच्या. दोघांनाही शाळेच्या नाताळ कार्यक्रमात 'अवे इन अ मेंजर' हे गीत शिकवलेले आहे. गोठ्यातल्या गव्हाणीत निजलेल्या बाळ येशूचे हे गीत इंग्रजी शाळांतल्या लहान वर्गांत फार लोकप्रिय. दोघे एकत्र गायला लागतात आणि दुसऱ्याच शब्दाला थबकतात. शब्द तंतोतंत तेच, पण एकाचा सूर वरून खाली उतरतो, तर दुसऱ्याचा खालून वर चढतो. मग वाद सुरू होतो : खरी चाल कोणाची?

दोन्ही चाली खऱ्या आहेत, दोन्ही छापील आहेत आणि दोन्ही सव्वाशे वर्षांहून जुन्या आहेत. मात्र एकाच गीताला दोन चाली येतात कशा, त्या दोन्ही तितक्याच चपखल बसतात कशा, आणि असे गीत मराठीत आणायचे म्हटले की अडते कुठे, हे समजून घेतले तर आपल्या भागातल्या प्रार्थनागीतांकडे पाहायची नजरच बदलते.

गीत कोणाचे? चाल कोणाची?

आधी शब्दांची गोष्ट. हे गीत १८८० च्या दशकात अमेरिकेत छापले जाऊ लागले. त्या वेळी त्याची दोनच कडवी होती. तिसरे कडवे पुढे १८९० च्या दशकात जोडले गेले. शब्द कोणी लिहिले याचा पत्ता लागलेला नाही. तरीही कित्येक वर्षे लोक ते मार्टिन ल्यूथरचे समजत होते. सोळाव्या शतकातला हा जर्मन धर्मसुधारक स्वतः गीतकार होता आणि त्याने मुलांसाठी नाताळचे एक गीत खरोखरच लिहिले होते, पण ते वेगळे. १८८३ मध्ये ल्यूथरच्या जन्माला चारशे वर्षे झाली. त्याचे नाव तेव्हा सगळीकडे गाजत होते, आणि या निनावी अंगाईला ते चिकटले. जर्मन भाषेत या गीताचे जुने मूळ कुठेही सापडत नाही. जर्मनमध्ये जे आहे ते इंग्रजीवरून केलेले भाषांतर.

आता चालींकडे वळू. १८८७ मध्ये जेम्स रॅम्से मरे या अमेरिकन संगीतकाराने लहान मुलांच्या गाण्यांचे एक पुस्तक काढले. त्यात हे गीत 'ल्यूथरची अंगाई' अशा मथळ्याखाली होते. ल्यूथरने ते आपल्या मुलांसाठी रचले आणि जर्मन आया अजूनही ते गातात, अशी टीपही सोबत होती. चालीजवळ मरे यांनी आपल्या नावाची फक्त आद्याक्षरे टाकली. याचा फटका त्यांनाच बसला. ल्यूथरचे नाव एवढे मोठे होते की आद्याक्षरांकडे कोणी पाहिले नाही. पुढे एका गीतपुस्तकात हीच चाल कुणा कार्ल म्यूलरच्या नावावर छापली गेली. हा म्यूलर कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. पण चालीला 'म्यूलर' हे नाव पडले ते पडलेच, आणि आजही अनेक गीतपुस्तकांत तेच छापतात.

दुसरी चाल विल्यम जेम्स कर्कपॅट्रिक यांची. त्यांचा जन्म आयर्लंडमधला आणि बहुतेक हयात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात गेली. त्यांनी १८९५ मध्ये याच शब्दांना नवी चाल दिली. तिचे नाव 'क्रेडल साँग', म्हणजे पाळणा. अमेरिकेत घरोघरी मरे यांची चाल रुजली. इंग्लंडमध्ये मात्र कर्कपॅट्रिक यांची चाल स्थिरावली. आपल्याकडे इंग्रजी अमदानीतली चर्चे, अमेरिकन मिशन आणि नंतरच्या काळात रेकॉर्ड व कॅसेट अशा अनेक वाटांनी ही गाणी आली, त्यामुळे दोन्ही चाली कानावर पडतात. मावसभावंडांच्या भांडणाचे मूळ इथे आहे.

बरे, चाली दोनच आहेत असेही नाही. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मधले संगीत-ग्रंथपाल रिचर्ड हिल यांनी १९४५ मध्ये या एका गीताचा माग काढला, तेव्हा त्यांना एक्केचाळीस वेगवेगळ्या स्वररचना सापडल्या. ल्यूथरचा दावा खोडून मरे यांचे श्रेय त्यांना परत मिळवून दिले तेही हिल यांनीच. मरे १९०५ मध्ये वारले होते. आपली चाल आपल्या नावावर आलेली पाहायला ते उरले नव्हते.

मापाचे गणित

एका गीताला एक्केचाळीस स्वररचना बसू शकतात, कारण गीत आणि चाल या दोन सुट्या वस्तू आहेत. दोघांना जोडते ते माप.

स्वयंपाकघरातले पातेले आणि त्यावरचे झाकण घ्या. दोन्ही एकाच दुकानातून आणलेली असावी लागत नाहीत. तोंडाचा व्यास जुळला की कोणतेही झाकण कोणत्याही पातेल्यावर बसते. गीताच्या ओळींचे माप म्हणजे त्या पातेल्याचा व्यास. इंग्रजी प्रार्थनागीतांत हे माप उच्चारातल्या अवयवांनी मोजतात. अवयव म्हणजे तोंडातून एका झटक्यात निघणारा शब्दाचा तुकडा : 'येशू' या शब्दात दोन अवयव, 'गव्हाणी' या शब्दात तीन. आपल्या नाताळगीताच्या प्रत्येक ओळीत अकरा अवयव आहेत आणि कडव्यात अशा चार ओळी. म्हणून गीतपुस्तकात त्याचे माप ११.११.११.११ असे लिहितात. या मापाची कोणतीही चाल घ्या, शब्द तिच्यात बसतील. याच कारणाने एका जुन्या स्कॉटिश प्रेमगीताची चालसुद्धा या अंगाईला लावून गातात.

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले गेलेले माप आहे ८.६.८.६. त्याला 'सामान्य माप' असेच नाव आहे. या एका मापात शेकडो गीते आहेत आणि शेकडो चालीही. म्हणूनच चालींना स्वतंत्र नावे द्यावी लागली, बहुधा गावांची किंवा माणसांची. पूर्वी गीतपुस्तकांत नुसते शब्द असत. चालींचे पुस्तक वेगळे असे. कोणत्या गीताला आज कोणती चाल घ्यायची, हे वाजवणारा किंवा गाऊन पुढाकार घेणारा ठरवत असे.

१८६१ मध्ये इंग्लंडमध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे पुस्तक निघाले आणि या पद्धतीला वळण मिळाले. त्यात शब्द आणि चाल एकाच पानावर छापली. हळूहळू लोकांच्या मनात अमुक गीत म्हणजे अमुक चाल अशी गाठ बसली. या पुस्तकाचे संगीत-संपादक होते विल्यम हेन्री मंक. दिल्लीच्या 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यात वर्षानुवर्षे वाजलेल्या, गांधीजींना प्रिय असलेल्या 'अबाइड विथ मी' या गीताची चाल याच मंक यांची. आपल्या अनेक इंग्रजी शाळांत सकाळच्या प्रार्थनेला म्हटले जाणारे 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल' हे बालगीत सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर या बाईंनी १८४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यालाही मंक यांची १८८७ मधली चाल आहे. शिवाय मार्टिन शॉ यांनी १९१५ मध्ये सतराव्या शतकातल्या एका लोकधुनेवरून बांधलेली दुसरी चाल आहे. म्हणजे हा प्रकार एकाच गीतापुरता नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे छंदांचे हेच काम. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. तुकोबांचा एकच अभंग देहूच्या दिंडीत एका चालीत, मैफलीत दुसऱ्या रागात आणि आकाशवाणीवर तिसऱ्या चालीत आपण ऐकतो आणि त्यात काही खटकत नाही. संगीत नाटकांच्या पुस्तकांत तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून जुन्या गाण्याचे नाव देण्याची रीतच होती. १८८२ च्या 'संगीत सौभद्र'मधली पदे ज्यांनी पुस्तकात पाहिली आहेत, त्यांना हे लगेच ओळखू येईल. शब्द छापायचे, चालीचा फक्त पत्ता द्यायचा आणि चाल ऐकणाऱ्याच्या कानात आहे असे धरून चालायचे.

हार्मोनियमवर एक ओळ

माप जुळले म्हणजे दोन्ही चाली सारख्याच झाल्या असे नाही. त्या वेगळा परिणाम कसा करतात, ते वाजवून पाहण्यासारखे आहे. घरात हार्मोनियम असेल तर सोयीची कोणतीही पट्टी सा धरा. सगळे स्वर शुद्ध ठेवा.

मरे यांच्या चालीची पहिली ओळ अशी आहे :

प, प म ग, ग रे सा, सा नी ध, प

शेवटचे नी ध प मंद्र सप्तकातले, म्हणजे खालचे. मोजा, अकरा स्वर. अकरा अवयवांना अकरा स्वर, एकाला एक. मधल्या पपासून निघालेली ओळ एकेक पायरी उतरत खालच्या पवर येऊन टेकते. आता ताल बघा. ही चाल तीन-तीन मात्रांची आहे, आपल्या दादऱ्याच्या अर्ध्यासारखी. पहिला प हा जोराच्या मात्रेच्या आधी येतो. दुसऱ्या स्वरावर जोराची मात्रा पडते. तिथून दर तीन मात्रांनी जोर येतो. ज्या स्वरांवर जोर पडतो ते वेगळे काढले, तर प, ग, सा आणि मंद्र प एवढेच उरतात. हे एकमेकांशी सर्वांत सहज जुळणारे स्वर आहेत. सा, ग आणि प एकदम दाबले की हार्मोनियममधून निघणारा नाद भरीव आणि शांत वाटतो, तो याचमुळे. म्हणजे ओळीचा सांगाडा पक्का जुळलेल्या स्वरांचा, आणि मधल्या जागा भरायला शेजारचे स्वर. गाणे न शिकलेले मूलही अशा ओळीत चुकत नाही. पुढचा स्वर नेहमी शेजारच्या पायरीवरच असतो.

कर्कपॅट्रिक यांची चाल मात्र मंद्र पवरून एकदम सावर उडी घेते आणि तिथून वर चढत जाते. मात्रा त्याही तीनच, जोराच्या आधीचा स्वरही तसाच एक. फक्त दिशा उलटी. त्यामुळे पहिली चाल बाळाला खाली निजवल्यासारखी वाटते, तर दुसरी त्याला हातांत उचलून झुलवल्यासारखी. शब्दांत झोपलेले बाळही आहे आणि वरून पाहणाऱ्या चांदण्याही आहेत. मरे यांनी बाळाकडे पाहिले, कर्कपॅट्रिक यांनी चांदण्यांकडे, असे मी म्हणेन. कोणती चाल बरोबर हा प्रश्न इथे निकालात निघतो. प्रत्येक चाल म्हणजे त्याच शब्दांचे एक वाचन आहे.

पाच स्वरांचे बालगीत

बालगीताची चाल सोपी कशी होते, याचा सर्वांत स्वच्छ नमुना दुसऱ्या एका गीतात मिळतो. 'जीझस लव्हज मी' हे गीत जगभरच्या रविवारच्या शाळांत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गांत, बहुधा सर्वांत आधी शिकवले जाते. त्याचे शब्द अ‍ॅना वॉर्नर यांचे. त्यांनी आपली बहीण सुसान हिच्याबरोबर लिहिलेल्या आणि १८६० मध्ये निघालेल्या एका कादंबरीत ते आले. गोष्टीत एका आजारी मुलाला धीर देण्यासाठी ते म्हटले जाते. १८६२ मध्ये विल्यम ब्रॅडबरी यांनी त्याला चाल दिली आणि स्वतःचे एक पालुपद जोडले.

या चालीची सुरुवात हार्मोनियमवर अशी :

प ग ग रे ग प प, ध ध सां ध ध प प

पूर्ण चाल वाजवली तरी तीत म येत नाही आणि नीही येत नाही. उरतात सा, रे, ग, प, ध. संगीत शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच दिला जाणारा भूप राग याच पाच स्वरांचा. ब्रॅडबरी यांची चाल म्हणजे भूप राग नव्हे. रागाला स्वरांबरोबर चलन लागते, कोणत्या स्वरावर थांबायचे आणि कसे वळायचे याचे नियम लागतात. पण स्वरांचा संच तोच आहे, आणि त्याचा परिणामही ओळखीचा आहे.

या संचात सोपेपणा कुठून येतो, ते पाहा. सात शुद्ध स्वरांत दोन जागी फार जवळचे शेजारी आहेत : ग आणि म, तसेच नी आणि वरचा सा. हार्मोनियमवर या जोड्यांच्या मध्ये काळी किंवा पांढरी एकही पट्टी उरत नाही. मुलांचा आवाज घसरतो तो बहुतेक अशा अरुंद जागी. म आणि नी काढून टाकले की दोन्ही अरुंद जागा नाहीशा होतात. उरलेल्या पाच स्वरांत प्रत्येक पाऊल ऐसपैस पडते. म्हणूनच पाच स्वरांच्या धुना जगभरच्या लोकसंगीतात सापडतात आणि ब्रॅडबरी यांची चाल भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये इतक्या सहज पोहोचली.

त्यात पालुपदाची भर. कडवी विसरली तरी मुले पालुपदाशी पुन्हा एकत्र येतात. आपल्या पाळण्यात, भारुडात, आरतीत हेच घडते. ज्याला कडवी येत नाहीत तोही पालुपदाला आवाज मिळवतो. वॉर्नर यांच्या मूळ कवितेत हे पालुपद नव्हते. कवितेचे बालगीत झाले ते संगीतकाराच्या या भरीमुळे.

मराठी शब्द परक्या चालीत अडतात कुठे?

आता आपल्या भाषेकडे येऊ. व्यास जुळूनही झाकण हलत राहते, कारण पातेल्याची कड वेगळ्या घडणीची असते. मराठी शब्द इंग्रजी चालीत बसवताना तसेच होते.

इंग्रजीत शब्दांच्या ठराविक अवयवांवर आघात असतो. ओळीची सुरुवात बहुधा एखाद्या हलक्या शब्दाने होते. चालीतला तो जोराच्या आधीचा एकटा स्वर अशा हलक्या शब्दासाठीच असतो. मराठी वाक्य असे सुरू होत नाही. आपण थेट नामाला हात घालतो. समजा, मरे यांच्या चालीत 'बाळ झोपले' असे शब्द घातले. 'बा' हे जड अक्षर जोराच्या आधीच्या हलक्या मात्रेवर पडते, आणि सगळा जोर येतो 'ळ'वर. ऐकणाऱ्याला वाटते, गाणारा शब्द उलटा फोडतो आहे. तेच शब्द फिरवून 'निजे बाळ' असे केले की 'नि' हलक्या जागी जातो, 'जे' जोरावर येतो आणि ओळ सरळ होते. भाषांतरकाराचे कौशल्य अशा ठिकाणी लागते. अर्थ बरोबर आणून भागत नाही, शब्दांचे वजनही जागेवर पडावे लागते.

दुसरी अडचण मोजणीची. 'बाळ' हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा, बोलताना एकाच झटक्याचा. अभंगात तो दोन अक्षरे मोजला जातो आणि गाताना 'ळ'मधला अ पुन्हा उघडा होतो. इंग्रजी चालीत एका अवयवाला एक स्वर असतो. मग 'ळ'ला वेगळा स्वर द्यायचा की नाही? दिला तर शब्द ताणला जातो, न दिला तर एक स्वर रिकामा राहतो. तिसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. लांब स्वराखाली ऱ्हस्व अक्षर आले की ते ओढून दीर्घ करावे लागते आणि ओळखीचा शब्द अनोळखी होऊन बसतो.

ब्रॅडबरी यांची चाल मराठी शब्दांना तुलनेने सोपी जाते, कारण ती पहिल्याच स्वराला जोराने सुरू होते. आधीचा हलका स्वर तिच्यात नाहीच. नामाने सुरू होणारी मराठी ओळ तिच्यात निवांत बसते.

आपल्याकडे शोधलेली वाट

यावर दुसरा उपायही आहे : शब्दांना परक्या चालीत कोंबण्याऐवजी आपल्याच छंदात गीत रचायचे. ही वाट आपल्या शेजारीच फार पूर्वी पडली. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिले, ते १६१६ मध्ये राशोल इथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. बायबलमधली कथा त्यांनी सांगितली ती जात्यावरच्या आणि पोथीतल्या ओवीत. ओवीला साडेतीन चरण असतात आणि ओढ घेण्याची मोकळीक असते. त्यामुळे तिची चाल शिकवावी लागत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात क्रिस्तपुराण वाचले आणि गायले जात असे. गोव्यातून कानडा मुलखात येऊन स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती आपल्याबरोबर आणल्या आणि जपल्या. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात ही वाट पुन्हा रुंद झाली. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनाच्या ढंगात मांडली. मग आले नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये कोकणात करजगावला जन्मलेले, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक मराठी ख्रिस्ती प्रार्थनागीतांचे सर्वांत मोठे कवी झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची गीते अभंगात, ओवीत आणि भजनाच्या चालीत आहेत, आणि मराठी चर्चमधल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांचा वाटा मोठा आहे. ते मुलांचेही कवी होते, हे शाळेच्या पुस्तकांतून मराठी माणसाला ठाऊकच आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातही या कवीच्या घराचे दर्शन घडते. याच मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक चालवले. या साऱ्या खटपटीमुळे मराठी मूल चर्चमध्ये आपल्या आजीच्या चालीत गाऊ शकले.

आज मराठी प्रार्थनेत दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. पाश्चात्त्य चालीतली भाषांतरे पेटी किंवा ऑर्गनवर, तर भजने पेटी, तबला आणि झांजांवर. एकाच रविवारी एकाच बाकावर बसून माणसे दोन्ही गातात.

> थोडक्यात
>
> • प्रार्थनागीताचे शब्द आणि चाल सुट्या असतात. दोघांना ओळीचे माप जोडते.
>
> • 'अवे इन अ मेंजर'चे माप ११.११.११.११. शब्द निनावी. प्रसिद्ध चाली दोन : जेम्स मरे (१८८७) आणि विल्यम कर्कपॅट्रिक (१८९५).
>
> • मरे यांची चाल पपासून मंद्र पपर्यंत पायरीपायरीने उतरते, कर्कपॅट्रिक यांची खालून वर चढते.
>
> • विल्यम ब्रॅडबरी यांची 'जीझस लव्हज मी'ची चाल (१८६२) सा रे ग प ध या पाच स्वरांत आहे, म्हणून मुलांना सोपी.
>
> • मराठीत आणताना शब्दांचे वजन आणि चालीचा जोर एकाच जागी पडावा लागतो. टिळकांसारख्यांनी अभंग-ओवीचा मार्ग धरून हा प्रश्न सोडवला.

चाल हरवते तेव्हा

मरे यांची गोष्ट मला सर्वांत जास्त विचारात पाडते. छापखाना होता, स्वरलेखन होते, पुस्तके हजारोंनी खपत होती. तरीही अठ्ठावन्न वर्षे एका चालीचा कर्ता दुसऱ्यांच्या नावाखाली झाकला गेला. मग आपल्याकडे, जिथे पुस्तकात फक्त शब्द छापले आणि डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या गाण्याचे नाव दिले, तिथे काय झाले असेल? ज्या गाण्याची चाल घ्या म्हणून सांगितले, ते गाणेच आज कोणाला येत नसेल तर शब्द पानावर उरतात आणि गाणे संपते.

जोयडा, हल्याळ, दांडेली, रामनगर या पट्ट्यात हा धोका जास्त आहे, आणि इथला ठेवाही तितकाच मोठा आहे. इथे मराठी, कोकणी आणि कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात. हल्याळ भागातल्या सिद्दी समाजातही ख्रिस्ती कुटुंबे आहेत. कॅथलिक चर्चचा कारभार पाहिला, तर बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला आणि त्यातूनच १९७६ मध्ये कारवारचा वेगळा निघाला. शतकानुशतके गोव्याची ये-जा आहेच. इतक्या दिशांनी माणसे आली, तशा चालीही आल्या. एखाद्या म्हाताऱ्या बाईला येणारे नाताळचे गाणे शब्दांनी कोकणी, वळणाने मराठी आणि ठेक्याने तिसऱ्याच ठिकाणचे असू शकते. अशा गाण्याची चाल कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः या भागातल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयीन मुलांना, माझी एक विनंती आहे. येत्या नाताळाला घरातल्या, वाड्यातल्या, चर्चमधल्या वडीलधाऱ्या माणसांकडून त्यांच्या लहानपणीची गाणी म्हणवून घ्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. त्यांची परवानगी घ्या. गाणे पूर्ण म्हणून झाले की चार गोष्टी त्यांच्याच आवाजात विचारून ठेवा : हे कोणी शिकवले, कुठे शिकलात, साधारण कोणत्या साली, आणि याच शब्दांची दुसरी एखादी चाल ऐकली होती का. पेटी येणाऱ्या कोणाला तरी बसवून पहिल्या दोन ओळींचे स्वर सा रे ग म मध्ये लिहून घ्या. गायकाचे नाव पूर्ण लिहा, आद्याक्षरांवर भागवू नका. एक प्रत घरी ठेवा आणि एक गावच्या शाळेत किंवा चर्चच्या दप्तरात द्या. शब्द सांभाळणारी पुस्तके आपल्याकडे आहेत. चाली सांभाळायच्या तर त्या माणसांकडून, ती माणसे आहेत तोवरच, घ्यायला हव्यात.